एका दाताची साक्ष

जुन्नर तालुक्यात आळेफाट्याच्या पूर्वेस राजुरी नावाचे गाव आहे. या मुलखात एखाद्या शेतकऱ्याने नवी विहीर खणावयास घेतली म्हणजे प्रथम माती लागते, मातीखाली मुरूम लागतो आणि मुरमाखाली कातळ लागतो. मग पहार आणि कुदळ बाजूस ठेवून सुरुंगाचे काम सुरू होते. काळ्या दगडाचे ढलपे वर येऊन काठावर ढीग होत जातो. एखाद्या विहिरीत मध्येच विटेच्या रंगाचा, हाताने कुस्करता येईल असा तांबडा थर उघडा पडतो, आणि त्याखाली पुन्हा तोच कातळ सुरू होतो. विहिरीस पाणी लागते किंवा लागत नाही. परंतु त्या काठावरच्या ढिगात कोणा पुरातन जनावराचे हाड सापडले, असे मात्र घडत नाही. पृथ्वीच्या पोटात प्राचीन प्राण्यांच्या अस्थी दगड होऊन पडलेल्या असतात, हे शाळेतील मुलासही ठाऊक असते. मग या कातळातच त्या का नसाव्यात?

याचे उत्तर त्या कातळाच्या जन्मात आहे. शिवनेरीचा कडा, लेण्याद्रीची लेणी, नाणेघाटाची खिंड आणि राजुरीच्या विहिरीचा तळ ही सर्व एकाच पाषाणाची रूपे आहेत. सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी जमिनीस भेगा पडून त्यांतून लाव्हारस वर आला, पसरला आणि थिजला. त्यावर दुसरा लोंढा आला, त्यावर तिसरा. असे लोंढ्यांवर लोंढे चढून दख्खनचे पठार सिद्ध झाले. आज त्याचा विस्तार सुमारे ५ लक्ष चौरस किलोमीटर भरतो. वितळलेल्या दगडात अस्थी टिकण्याची आशा कोणी धरू नये. अस्थी जपण्याचे काम गाळाचे, वाळूचे व चिखलाचे. अग्नीचे ते काम नव्हे.

तर मग लाव्ह्याच्या खाली काय आहे? पूर्वीची नदी, पूर्वीचे तळे, पूर्वीची माती त्याखाली झाकली गेली असेल काय? या शंकेचे निदान एका ठिकाणी तरी निरसन झाले आहे. कोयना धरणाच्या परिसरात भूकंपांच्या अभ्यासासाठी ३ किलोमीटर खोल असा एक वेध घेण्यात आला. तो २०१७ साली पुरा झाला. त्यात सुमारे सव्वा किलोमीटरपर्यंत लाव्ह्याचा कातळ लागला आणि त्याच्याखाली एकदम ग्रॅनाइटाच्या जातीचा अतिप्राचीन पाषाण लागला. दोहोंच्या मध्ये गाळाचा थर मिळाला नाही. पुस्तकाची पहिली पाने आणि शेवटची पाने हाती यावीत व मधली सारी फाटून गेलेली असावीत, तसा हा प्रकार आहे.

त्या फाटलेल्या पानांवर एक फार मोठी कथा लिहिलेली होती. गाय, घोडा, हत्ती, वटवाघूळ, देवमासा आणि मनुष्य हे सर्व ज्या वर्गात मोडतात, त्या सस्तन प्राण्यांचा उदय सुमारे २० ते २२ कोटी वर्षांपूर्वी झाला, असे शास्त्रज्ञ मानतात. म्हणजे दख्खनचा लाव्हा वाहू लागला तेव्हा या वर्गाच्या इतिहासाचा दोन-तृतीयांश भाग उलटून गेलेला होता. या एवढ्या प्रदीर्घ काळात आपले हे पूर्वज होते कसे, राहत कोठे, खात काय?

ते लहान होते. डायनोसॉर या नावाने जे प्रचंड प्राणी सर्वांच्या परिचयाचे आहेत, त्यांच्या राज्यात हे बहुतेक उंदराएवढ्या आकाराचे जीव रात्री बाहेर पडून किडे-मुंग्या टिपून खात असावेत, असे मानले जाते. त्यांचे चित्र डोळ्यांपुढे आणावयाचे असेल तर फार दूर जावयास नको. रात्री मोरीच्या कडेने चुरचुर आवाज करीत पळणारी चिचुंद्री सर्वांनी पाहिलेली असते. तिचे लांबट तोंड, तिचे बारीक डोळे, तिचे तीक्ष्ण दात आणि तिची सततची धावपळ यांवरून आद्य सस्तन प्राण्याची बरीचशी कल्पना येते. प्राणिशास्त्रावरील ग्रंथांत ही उपमा वारंवार येते. ती येथे मुद्दाम ध्यानात ठेवावयाची आहे. कारण या हकीकतीच्या अखेरीस ही चिचुंद्री उपमेतून उठून स्वतःच साक्षीदाराच्या पिंजऱ्यात येऊन उभी राहणार आहे.

एवढ्याशा प्राण्याचे अवशेष दगडात सापडले तरी तो सस्तन आहे हे ओळखावयाचे कसे? केस दगडात सहसा उरत नाहीत, दूध तर मुळीच उरत नाही. उरतात ती हाडे आणि दात. सरपटणाऱ्या प्राण्याचा खालचा जबडा अनेक हाडांचा जुळवलेला असतो. सस्तन प्राण्याच्या खालच्या जबड्यात प्रत्येक बाजूस एकच हाड असते. मग बाकीची हाडे गेली कोठे? त्यांपैकी काही नाहीशी झाली. परंतु ज्या दोन हाडांवर सरपटणाऱ्या प्राण्याचा जबडा सांध्यात फिरतो, त्यांची नवलाईची बदली झाली. ती लहान होत होत कानाच्या पोकळीत शिरली आणि श्रवणाच्या कामी लागली. शरीरशास्त्रात त्यांस हातोडी आणि ऐरण असे म्हणतात. रिकीब नावाचे तिसरे हाड कानात आधीपासूनच होते. रेडिओवर हे शब्द ज्या श्रोत्यांच्या कानी पडत असतील, त्यांच्या कानांतील ही दोन हाडे एके काळी कोणा पूर्वजाच्या जबड्याच्या बिजागऱ्या होत्या. दगडात सापडलेल्या जबड्यांच्या मालिकेवरून या स्थित्यंतराच्या पायऱ्या एकामागून एक दाखविता येतात.

तथापि, अखंड जबडा मिळणे हे भाग्याचे लक्षण होय. बहुधा हाती लागतो तो एखादाच दात. या बाबतीत मात्र निसर्गाने संशोधकावर मोठी कृपा केली आहे. दातावरील लुकण हा शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ. शिवाय सस्तन प्राण्याचे दात हे त्याच्या जातीचे ओळखपत्रच असतात. मगरीचा दात पडला की दुसरा येतो, तो पडला की तिसरा. तिचे बहुतेक दात दिसावयास सारखेच. सस्तन प्राण्यास एकदा दुधाचे दात येतात आणि एकदा पक्के. त्यामुळे वरच्या आणि खालच्या दाढा एकमेकींत कुलूप-किल्लीसारख्या बसतात आणि अन्न चावले जाते. दाढेवर किती टोके आहेत, ती सरळ रेषेत आहेत की त्रिकोणात, मुळे किती आहेत, घासून झिजलेले पैलू कोणत्या बाजूस आहेत, यांवरून तज्ज्ञ मनुष्य प्राण्याचा वर्ग, त्याचे कूळ आणि त्याचे खाणे सांगू शकतो. टाचणीच्या डोक्याएवढ्या दाढेवर एवढी भिस्त ठेवली जाते. ती ठेवावी काय, आणि किती ठेवावी, हाच या विषयातील खरा प्रश्न आहे.

ज्यांना नुसत्या दातांवर भागवावे लागले नाही, अशा भाग्यवंतांची गोष्ट प्रथम सांगितली पाहिजे. मंगोलियात गोबी नावाचे विस्तीर्ण वाळवंट आहे. न्यूयॉर्क येथील अमेरिकन म्यूझियम ऑफ नॅचरल हिस्टरी या संस्थेची एक तुकडी रॉय चॅपमन अँड्र्यूज यांच्या नेतृत्वाखाली १९२२ सालापासून तेथे जात असे. संध्याकाळच्या उन्हात निखाऱ्यासारख्या दिसणाऱ्या एका तांबड्या कड्यास त्यांनी ‘जळते कडे’ असे नाव दिले होते. १९२३ साली तेथे डायनोसॉरची अंडी सापडली आणि वर्तमानपत्रांत तीच गाजली. त्याच मोसमात वॉल्टर ग्रेंजर या संशोधकास वालुकाश्माच्या एका गोळ्यात इंचभर लांबीची कवटी आढळली. ‘न ओळखलेला सरपटणारा प्राणी’ अशी चिठ्ठी लावून ती त्यांनी न्यूयॉर्कला रवाना केली. तेथे भोवतालचा दगड कोरून काढल्यावर विल्यम मॅथ्यू यांनी ती पारखली; आणि ती सस्तन प्राण्याची, तीही डायनोसॉरच्या काळातील, असे निघाले! १९२५ साली मॅथ्यू यांचे पत्र तुकडीस मिळाले, तेव्हा ग्रेंजर पुन्हा त्याच कड्याच्या पायथ्याशी जाऊन शोधू लागले आणि त्यांना व त्यांच्या सोबत्यांना आणखी कवट्या मिळाल्या. अंड्यांच्या मानाने या चिमुकल्या कवट्यांचा गवगवा थोडा झाला. परंतु शास्त्राच्या दृष्टीने त्यांचे मोल कमी नव्हते. पुढे १९६३ ते १९७१ या काळात पोलंड आणि मंगोलिया यांच्या संयुक्त मोहिमा झाल्या. त्यांचे नेतृत्व झोफिया किएलान-यावोरोव्स्का या विदुषीने केले, आणि त्यांतून आद्य सस्तन प्राण्यांच्या शंभराहून अधिक कवट्या जमल्या.

वाळवंट हे प्राणिमात्राचे शत्रू, अशी सामान्य समजूत आहे. जिवंत प्राण्याच्या बाबतीत ती खरी असेल; मेलेल्या प्राण्याचा मात्र त्याच्यासारखा मित्र विरळा. गोबीतील ते थर ७ कोटी वर्षांहूनही अधिक जुने असून त्या वेळीही तेथे वाळूच्या टेकड्या होत्या. वाऱ्याने उडालेली बारीक वाळू मृत देहावर हलकेच पसरते. नदीचा लोंढा जसा हाडे विखुरतो आणि गोट्यांवर आपटून झिजवितो, तसे ती करीत नाही. काही ठिकाणी तर जोराच्या पावसाने भिजलेली टेकडी एकाएकी ढासळून प्राणी जागच्या जागी गाडले गेले असावेत, असे विद्वानांचे मत आहे. त्यामुळे कवटी, कणा आणि पायांची नाजूक बोटे ही सारी आपापल्या ठिकाणी राहतात. असा सांगाडा मिळाला म्हणजे तर्कास फारसे काम उरत नाही.

दक्षिण आफ्रिकेतही अशीच एक जागा आहे. लेसोथोच्या डोंगरात १९६६ साली मेगाझोस्ट्रोडॉन या सुमारे वीतभर लांबीच्याही आतल्या प्राण्याचा सांगाडा सापडला. तो सुमारे २० कोटी वर्षांचा असून जगातील अत्यंत जुन्या सस्तनसदृश प्राण्यांत त्याची गणना होते. ज्या तांबड्या थरांत तो मिळाला ते निमकोरड्या प्रदेशातील आहेत, आणि त्यांच्यावर जो पाषाण आहे तो निव्वळ वाळवंटातील टेकड्यांचा आहे. प्रदेश हळूहळू रखरखीत होत होता, आणि त्या बदलाच्या उंबरठ्यावर हा जीव नांदत होता.

लेसोथो आणि महाराष्ट्र यांचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध नावातच आहे. त्या काळी आफ्रिका, हिंदुस्थान, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण ध्रुवाकडील भूमी हे सर्व एकत्र जोडलेले होते. त्या अखंड भूमीस भूगर्भशास्त्रात गोंडवन असे म्हणतात. हे नाव मध्य हिंदुस्थानातील गोंडांच्या मुलखावरून पडले. तेथील कोळशाच्या व वालुकाश्माच्या थरांस प्रथम ते लावण्यात आले, आणि पुढे एडवर्ड स्युस या पंडिताने ते साऱ्या भूखंडास दिले. गोंडांचा हा मुलूख म्हणजे आजचे चंद्रपूर आणि गडचिरोली हे जिल्हेही होत. पश्चिम महाराष्ट्रात जी पाने लाव्ह्याखाली नाहीशी झाली, ती पूर्व महाराष्ट्रात उघडी पडलेली आहेत. म्हणून राजुरीच्या विहिरीत न मिळालेले उत्तर शोधण्यासाठी सिरोंचाची वाट धरली पाहिजे.

वर्धा आणि वैनगंगा यांचा संगम होऊन जी नदी होते ती प्राणहिता. गोदावरीस मिळण्यापूर्वी ती सिरोंचा तालुक्यातून वाहते. तिच्या काठी कोटा नावाचे एक लहानसे गाव आहे. या गावाचे नाव जगातील भूगर्भशास्त्राच्या ग्रंथांत कायमचे नोंदले गेले आहे. कारण येथील चुनखडकाच्या व मातीच्या थरांस ‘कोटा थर’ असे म्हणतात. हे थर १७-१८ कोटी वर्षांच्या आसपासचे मानले जातात. गोबीप्रमाणे येथे वाळवंट नव्हते. उथळ तळी होती, त्यांत मासे होते, आसपास नद्या होत्या. कोट्याच्या खाली मालेरी नावाचे अधिक जुने तांबडे थर आहेत. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांना त्या थरांत फुप्फुसमाशाचे दात मिळाले होते, आणि १८५९ साली त्या माशास हिस्लॉप यांचेच नाव देण्यात आले. हे गृहस्थ १८४५ साली नागपुरास आले. धर्मप्रसार आणि शाळा यांतून उरलेला वेळ त्यांनी दगडांस वाहिला, आणि १८६३ साली टाकळघाटाजवळ एका ओढ्याच्या पुरात त्यांचा अंत झाला. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज त्यांच्या नावाने चालते. परंतु विदर्भाच्या भूस्तरांचा अभ्यास ज्यांनी आरंभिला त्यांत हे अग्रणी होते, हे तेथे शिकून गेलेल्या कित्येकांस ठाऊक नसेल.

प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्याकडे पुढे कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेचे लक्ष वळले. संख्याशास्त्राच्या संस्थेने हाडे उकरावीत, हे विचित्र वाटेल. परंतु तिचे संस्थापक प्रशांतचंद्र महालनोबीस यांची जिज्ञासा एका शास्त्रात मावणारी नव्हती. त्यांच्या निमंत्रणावरून लंडनच्या पामेला रॉबिन्सन १९५७ साली आल्या आणि त्यांच्या मार्गदर्शनाखाली येथे पद्धतशीर शोध सुरू झाला. कोटा थरांतून एका अवाढव्य डायनोसॉरची शेकडो हाडे निघाली. त्याच्या मांडीचे हाड १.७ मीटर, म्हणजे पुरुषभर उंचीचे. रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीच्या सुमारास ते काम चालले असल्यामुळे १९७५ साली त्यास ‘बारापासॉरस टागोराय’ असे नाव ठेवण्यात आले. बंगालीत त्याच्या पूर्वार्धाचा अर्थ ‘मोठ्या पायाचा’ असा होतो.

एवढे मोठे हाड कोणासही दिसते. त्या हाडाच्या सावलीत राहणारा चिचुंद्रीएवढा प्राणी दिसावयाचा कसा? त्यासाठी फावडे निरुपयोगी. तेथे चाळण पाहिजे. मातीचे योग्य थर पाहून पोतीच्या पोती माती भरून आणतात. ती वाळवून रॉकेलमध्ये आणि मग पाण्यात भिजत टाकतात, म्हणजे घट्ट ढेकळे आपोआप विरघळतात. नंतर ती बारीक जाळीच्या चाळण्यांतून धुतात. गाळ वाहून जातो आणि तळाशी मूठभर चुरा राहतो. तो चुरा सूक्ष्मदर्शकाखाली, कण न् कण ओल्या कुंचल्याने सारीत, दिवसचे दिवस पाहावयाचा. घरोघर तांदूळ निवडणाऱ्या बाईस या कामाची रीत समजावून सांगण्याची गरज नाही. भेद इतकाच की, येथे हजारो कणांतून खडा वेगळा काढावयाचा नसून एखादा दाणा शोधावयाचा असतो, आणि तो असेलच अशी खात्री नसते.

अशा परिश्रमाचे फळ १९८१ साली दृष्टीस पडले. भारतीय भूगर्भ सर्वेक्षण खात्यातील पी. एम. दत्ता यांनी कोटा थरांतील एका दाढेचे वर्णन प्रसिद्ध केले. हिंदुस्थानातील जुरासिक कालखंडाचा तो पहिला ज्ञात सस्तन प्राणी. त्याचे नाव ‘कोटाथेरियम हाल्डेनी’: पूर्वार्ध प्राणहितेकाठच्या गावाचा आणि उत्तरार्ध जे. बी. एस. हाल्डेन यांचा. इंग्लंड सोडून १९५७ साली हाल्डेन याच सांख्यिकी संस्थेत दाखल झाले होते, आणि पुढे त्यांनी भारताचे नागरिकत्वही घेतले. दत्तांच्या मागोमाग पी. यादगिरी यांनी १९८४ साली आणखी दोन प्राणी जाहीर केले. एकाचे नाव ‘त्रिशूलोथेरियम’, दुसऱ्याचे ‘इंडोथेरियम प्राणहिताई’. पुढे नदीपलीकडे, त्या वेळच्या आदिलाबाद जिल्ह्यात, पैकासिगुडम या खेड्याजवळच्या थरांतून आणखी दात मिळाले, आणि त्यांतील एकास गावाचे व यादगिरींचे अशी दोन्ही नावे जोडून देण्यात आली. या प्राण्यांचे नेमके कूळ कोणते, यांविषयी तज्ज्ञांत मतभेद राहिले. परंतु १७-१८ कोटी वर्षांपूर्वी प्राणहितेच्या परिसरात सस्तन प्राण्यांच्या एकाहून अधिक जाती नांदत होत्या, एवढे त्या दातांनी सांगितले. गोबीसारखा सांगाडा नाही, कवटी नाही. साक्ष आहे ती दातांचीच.

आता ही साक्ष कितपत विश्वसनीय? येथेच त्या चिचुंद्रीला पाचारण करावयाचे आहे. मध्य प्रदेशात शहडोलच्या बाजूस टिकी नावाचे थर आहेत. ते कोटा थरांहून पुष्कळ जुने, २२ कोटी वर्षांच्या आसपासचे. तेथील माती चाळून मिळालेल्या एका वरच्या दाढेचे वर्णन दत्ता यांनी २००५ साली केले आणि त्या प्राण्यास ‘टिकीथेरियम’ असे नाव दिले. ती दाढ आडवी रुंद होती. इतक्या जुन्या काळात अशी पुढारलेली दाढ कोठेच आढळलेली नव्हती. म्हणून जगभरच्या ग्रंथांत तिचा उल्लेख होऊ लागला आणि सस्तन प्राण्यांच्या वंशवृक्षात तिच्यासाठी एक अगदी खालची, अगदी मानाची फांदी राखून ठेवण्यात आली. जवळजवळ वीस वर्षे ती तेथे राहिली. मग २०२४ साली अलेक्झांडर अव्हेरियानोव्ह आणि लियोनिद व्होयता या रशियन शास्त्रज्ञांनी त्या दाढेची बारकाईने छाननी केली आणि निष्कर्ष काढला की, हा दात २२ कोटी वर्षांपूर्वीच्या प्राण्याचा नव्हे. तो पुष्कळच अलीकडच्या काळातील चिचुंद्रीचा आहे! अर्वाचीन मातीतील तो दात त्या प्राचीन मातीत कोठे तरी मिसळला असावा.

ज्या प्राण्याचे वर्णन करताना चिचुंद्रीची उपमा द्यावयाची, तो प्राणी साक्षात चिचुंद्रीच निघावा, यात विनोद आहे खरा. परंतु हा विनोद कोणास हिणविण्यासाठी सांगावयाचा नाही. दत्तांनी दाढेचे जे चित्र आणि जे वर्णन छापले त्यात लपवाछपवी नव्हती. प्रत्येक टोक, प्रत्येक खाच त्यांनी जगापुढे मांडली होती. म्हणूनच वीस वर्षांनी दुसऱ्या देशातील माणसांस ती तपासता आली. साक्षीदार एकच असेल तर त्याची उलटतपासणी अधिक कसून व्हावी, हा न्यायालयातील नियम शास्त्रासही लागू आहे. एक दात सापडला म्हणजे केवळ अनुमानास जागा होते. तसाच दुसरा दात त्याच थरात, दुसऱ्या जागी, दुसऱ्या हातास सापडला म्हणजे त्या अनुमानास आधार येतो. कोटा थरांचे बळ ते हेच. तेथील दात एकट्यादुकट्याने आलेले नाहीत; वेगवेगळ्या संशोधकांनी वेगवेगळ्या वर्षी ते काढले आहेत. टिकीथेरियमच्या नावावर जो डाग पडला तो त्यांच्यावर पडत नाही; परंतु एकेका दाढेवरून काढलेले सिद्धान्त किती जपून वापरावेत, याची आठवण त्याने सर्वांस करून दिली आहे.

प्राणहितेच्या काठून आता पुन्हा लाव्ह्याकडे वळावयास हरकत नाही. आरंभी विहिरीतील तांबड्या थराचा उल्लेख आला. तो थर म्हणजे काय? लाव्ह्याचा एक लोंढा थिजल्यावर दुसरा लागलीच येत असे असे नाही. मध्ये विश्रांतीचा काळ जाई. तेवढ्या अवधीत कातळ झिजून माती होई, पाऊस पडे, झाडे उगवत, तळी साचत. मग नवा लोंढा येऊन त्या मातीस भाजून काढी. तांबड्या थराचा रंग हा त्याचा अवशेष. जेथे तळी होती तेथे मात्र गाळ साचून राहिला आणि त्या गाळात त्या काळचे जीव राहिले. मुंबईत वरळीच्या लाव्ह्यातील अशाच गाळात बेडकांचे सुंदर सांगाडे सापडले आणि १८४७ साली रिचर्ड ओवेन या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने त्यांचे वर्णन केले. आज जेथे गगनचुंबी इमारती उभ्या आहेत, तेथे दोन अग्निप्रलयांच्या मधल्या विसाव्यात बेडूक ओरडत होते.

बेडूक होते, तर सस्तन प्राणी होते काय? या प्रश्नास १९८८ साली उत्तर मिळाले. आजच्या तेलंगणातील नसकल या गावाजवळ, लाव्ह्याच्या दोन लोंढ्यांमधील गाळ चाळून जी. व्ही. आर. प्रसाद आणि अशोक सहानी यांनी बारीक दाढा शोधून काढल्या. त्या प्राण्याचे नाव ‘डेक्कनोलेस्टेस हिस्लोपी’. नावाचा पहिला भाग दख्खनचा आणि दुसरा, ओढ्याच्या पुरात अंत पावलेल्या त्या नागपूरकर हिस्लॉपसाहेबांचा. पुढे त्याच्या घोट्याची इवलीशी हाडेही मिळाली, आणि त्यांच्या घडणीवरून तो झाडांवर चढणारा असावा, असे अनुमान निघाले. येथे साक्षीदार एक राहिला नाही. दाताच्या साक्षीस घोट्याच्या हाडाची पुस्ती मिळाली. दख्खन जळत असताना, एका लोंढ्याच्या आणि दुसऱ्या लोंढ्याच्या मध्ये, झाडाच्या फांदीवर हा जीव बसलेला होता. थोड्याच अवधीत डायनोसॉर कायमचे नाहीसे झाले. सस्तन प्राण्यांचीही त्या प्रलयात पुष्कळ हानी झाली. परंतु त्यांच्यातील काही कुळे तगली, आणि आज पृथ्वीवर जे सस्तन प्राणी आहेत ते सर्व त्या तगलेल्यांची संतती आहेत.

सिरोंचा तालुक्यात वडधम येथे आता जीवाश्मांचे उद्यान केलेले आहे. शिवनेरी-लेण्याद्री पाहावयास जाणारी मंडळी वर्षास हजारोंनी जातात. गोदावरी-प्राणहितेच्या संगमाकडे जाणारी थोडी. अंतर फार आहे, हे खरे. परंतु महाराष्ट्राच्या एका टोकास ज्या ग्रंथाची पाने नाहीशी झाली, त्याच ग्रंथाची पाने दुसऱ्या टोकास पावसाने आणि नदीच्या पाण्याने रोज थोडथोडी उघडी पडत आहेत आणि रोज थोडथोडी झिजूनही जात आहेत. टाचणीच्या डोक्याएवढी दाढ एकदा प्रवाहात गेली की ती पुन्हा मिळावयाची नाही.

राजुरीच्या विहिरीवर कातळाचा ढीग पडलेला असतो. त्यात दात नाही, हाड नाही. परंतु विहिरीच्या कडेस जर विटेच्या रंगाचा तो वीत-दीडवीत थर दिसला, तर तेथे क्षणभर थांबावे. तो लोंढ्यांमधला विसावा आहे. त्या विसाव्यात कोठे तरी पाऊस पडत होता, झाडास पालवी फुटत होती, आणि रात्र पडताच कोणी एक लांबट तोंडाचा जीव फांदीवरून खाली डोकावून, पुढे सरकावे की न सरकावे, याचा कानोसा घेत होता.